‘भाऊ’चा ‘भो’

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतील तरुणांच्या बोलण्यात ‘भो’ हा एकाक्षरी शब्द इतक्या वेळा येतो की, त्याचा अर्थ विचारला तर बोलणारा बहुधा घोटाळतो. जो शब्द उच्चारल्याखेरीज वाक्य पुरे झाल्यासारखे वाटत नाही, त्याला स्वतःचा असा काही अर्थ असेल, ही जाणीवच त्याला उरलेली नसते. ‘काय भो’, ‘हाव भो’, ‘चाल ना भो’, ‘तसं नाही ना भो’ अशा वाक्यखंडांतून तो सतत ऐकू येतो, आणि जळगाव शहरात ‘काय करू राहिला भो’ असे विचारले जात असेल, तर धुळ्याकडे ‘काय करी राह्यना भो’ असे विचारले जाते. क्रियापदाचे रूप बदलते, बोली बदलते, पण वाक्याच्या टोकाला असलेला ‘भो’ जागचा हलत नाही. पुण्यामुंबईच्या कानाला हा शब्द अलीकडच्या पोराटोरांनी काढलेला वाटतो, तर खान्देशातल्या अनेकांना तो थेट संस्कृतातून आलेला वाटतो. त्याचा इतिहास या दोन्ही समजुतींपेक्षा निराळा आणि अधिक मनोरंजक आहे.

आधी त्याच्या आजच्या वापराकडे पाहिले पाहिजे. ज्या शब्दाने समोरच्याला हाक मारली जाते त्याला व्याकरणात संबोधन म्हणतात, आणि ज्या शब्दाला लिंग, वचन किंवा विभक्तीचे विकार होत नाहीत पण जो वाक्याला एखादी छटा देतो त्याला निपात म्हणतात. ‘भो’ हा या दोहोंच्या उंबरठ्यावर उभा आहे. ‘ए भो, इकडे ये’ असे म्हणताना तो संबोधन असतो. पण ‘पाऊसच नाही ना भो यंदा’ या वाक्यात कोणालाही हाक मारायची नसते, कारण ऐकणारा समोरच बसलेला असतो आणि त्याचे लक्ष आधीपासून बोलणाऱ्याकडे असते. तेथे ‘भो’चे काम ऐकणाऱ्याला आपल्या बाजूला ओढून घेण्याचे, त्याला आपल्या तक्रारीत भागीदार करण्याचे असते. हाच शब्द लांबवून उच्चारला की विनवणी होते, आखूड तोडला की विषय संपल्याची खूण होते, आणि ‘अरे’ला जोडून वाक्याच्या आरंभी आणला की आश्चर्य व्यक्त होते. त्याला विभक्तीचा प्रत्यय मात्र लागत नाही. अहिराणीत ‘भाऊले सांग’ असे म्हणता येते, पण तेथे ‘भाऊ’च्या जागी नुसता ‘भो’ घालून पाहिला तर वाक्य भलतीकडे, सरळ महादेवाच्या देवळाकडे जाते. प्रत्यय घेण्याची ताकद गमावलेला हा शब्द नामाच्या जातीतून बाहेर पडला आहे, हे एवढ्यावरून दिसते.

मराठीत असे शब्द पूर्वीही घडले आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या ‘काय राव’मधला ‘राव’ संस्कृत ‘राजन्’पासून प्राकृतातून उतरलेला असून एके काळी ती पदवी होती, आज पन्नास रुपये उसने मागणाऱ्यालाही ‘काय राव’ म्हटले जाते आणि त्यात कोणाचे राज्य जात नाही. ‘छे बुवा’, ‘हो बाबा’, ‘नको बाई’ यांतले बुवा, बाबा आणि बाई हेही असेच आपापल्या नात्यांतून आणि पदांतून निवृत्त होऊन वाक्याच्या शेवटी विसावले आहेत. आदराचे किंवा आप्ताचे नाव झिजत झिजत वाक्याचा सूर सांभाळणारा निपात होणे ही मराठीची जुनी खोड आहे, आणि ‘भो’ हे तिचेच खान्देशी उदाहरण होय.

या प्रदेशाची भाषिक रचना समजून घेतल्याखेरीज या शब्दाचे वैशिष्ट्य नीट ध्यानात येत नाही. ब्रिटिशांच्या काळातील खान्देश हा एकच विस्तीर्ण जिल्हा 1906 साली विभागला गेला आणि जळगाव हे पूर्व खान्देशाचे, तर धुळे हे पश्चिम खान्देशाचे मुख्य ठिकाण झाले. पुढे 1998 साली धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. बोलींची विभागणी मात्र जिल्ह्यांच्या सीमांप्रमाणे झालेली नाही. धुळे, नंदुरबार, नाशिक जिल्ह्यातील बागलाण आणि मालेगावचा भाग, तसेच जळगाव जिल्ह्याचे अमळनेर, पारोळा, चाळीसगाव यांसारखे पश्चिमेकडचे तालुके हा अहिराणीचा पट्टा, तर यावल, रावेर, भुसावळ आणि जळगावचा परिसर हा तावडी आणि लेवा गणबोलीचा पट्टा मानला जातो. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांची कविता या पूर्वेकडच्या बोलीतली असूनही ती अहिराणीत आहे असे शाळांच्या भाषणांतून अजून बिनदिक्कत सांगितले जाते. ज्या विद्यापीठाला 2018 पासून त्यांचे नाव आहे, त्या जळगावच्या विद्यापीठाच्या आवारात या दोन्ही पट्ट्यांतली मुले एकत्र येतात, आणि ‘शे’ म्हणणारा आणि ‘आहे’ म्हणणारा असे दोघेही एकमेकांना ‘भो’च म्हणतात.

सर जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतातील भाषांच्या पाहणीचा जो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, त्याच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, म्हणजे 1907 साली प्रसिद्ध झालेल्या भागात, खान्देशीची नोंद आहे, आणि ती मराठीबरोबर न करता भिल्ली बोलींबरोबर केलेली आहे. षष्ठीचे ना-नी हे प्रत्यय आणि इतर काही रूपे गुजरातीशी मिळतात, हे त्यामागचे एक कारण. या वर्गीकरणावर मराठी अभ्यासकांनी पुष्कळ वाद घातला, आणि तो पुरता मिटलेला नाही. जनगणनेत ‘खान्देशी’ ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून मोजली जाते आणि 2011 साली ती मातृभाषा म्हणून सांगणाऱ्यांची संख्या सुमारे 18 लाख 60 हजार भरली. घरी अहिराणी बोलणारे पण जनगणनेच्या अर्जात ‘मराठी’ लिहिणारे यात धरलेले नाहीत, हे उघड आहे. ग्रिअर्सनच्या पाहणीत आणखी एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून त्याने बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट भाषांतरित करून घेतली होती, आणि ती गोष्ट दोन भावांची आहे. धाकटा घरी परततो आणि थोरला रुसतो. शिवाय प्रत्येक भाषेसाठी शब्दांची जी ठरावीक यादी त्याने पाठविली, तीतही ‘भाऊ’ या अर्थाचा शब्द विचारलेला होता. एका साहेबाने सहज निवडलेल्या गोष्टीमुळे भारतातल्या शेकडो बोलींत भावाला काय म्हणतात याची नोंद आपोआप झाली, हा योगायोग व्युत्पत्तीच्या अभ्यासकाला सुखावणारा आहे.

आता मूळ प्रश्न असा की, ‘भो’ कोठून आला. व्युत्पत्ती म्हणजे शब्दाच्या मूळ रूपापासून आजच्या रूपापर्यंतचा ध्वनी आणि अर्थ यांचा पायऱ्यापायऱ्यांनी दाखविता येणारा प्रवास. आणि लोकव्युत्पत्ती म्हणजे दोन शब्द सारखे ऐकू आले म्हणून त्यांचे नाते जुळविणे. खान्देशाला लोकव्युत्पत्तीची सवय जुनी आहे. प्रदेशाच्या नावाबद्दलच खानांचा देश, कान्हाचा देश आणि यादवकालीन सेऊणदेश अशी निरनिराळी मते ऐकावी लागतात. तशीच ‘भो’ची एक प्रतिष्ठित लोकव्युत्पत्ती आहे, आणि ती म्हणजे संस्कृतातील ‘भोः’ हे संबोधन. हे मत मोहक आहे यात शंका नाही. चहाच्या टपरीवर बसलेला तरुण कालिदासाच्या नाटकातल्या पात्रांसारखा बोलतो, अशी कल्पना कोणाला आवडणार नाही? पण आवडणे आणि पटणे यांत फरक आहे.

संस्कृत ‘भोः’ हे आदरार्थी ‘भवत्’ या सर्वनामाशी संबंधित असलेले संबोधन आहे, आणि ते कोणी कोणाला कसे म्हणावे याचे प्राचीन काळी काटेकोर नियम होते. वडीलधाऱ्याला किंवा गुरूला अभिवादन करताना स्वतःचे नाव सांगून शेवटी ‘भोः’ म्हणावे असे मनुस्मृती सांगते, आणि संध्या करणाऱ्यांच्या अभिवादनात गोत्र, प्रवर आणि नाव उच्चारून झाल्यावर तो शब्द आजही येतो. त्या अभिवादनाला उत्तर देताना वाक्याच्या शेवटचा स्वर प्लुत, म्हणजे दीर्घाहूनही लांब, उच्चारावा असा पाणिनीचा नियम आहे, पण समोरचा शूद्र असेल तर तसे करू नये असेही त्यातच सांगितले आहे. आणि ‘भोः’ शब्दाचे काय करावे याची चर्चा पुढच्या वैयाकरणांनी केली आहे. म्हणजे एका स्वराच्या लांबीवरून समोरच्याची जात कळावी, अशी ती व्यवस्था होती. पाली वाङ्मयात तर ‘भोवादी’ असा शब्दच आहे. जन्माचा अभिमान बाळगणारे ब्राह्मण बुद्धाला ‘भन्ते’ असे आदराने न म्हणता बरोबरीच्या नात्याने ‘भो गोतम’ म्हणत, म्हणून त्यांना ‘भोवादी’, म्हणजे ‘भो’ म्हणणारे, असे नाव पडले, आणि धम्मपदात नुसत्या जन्माने ब्राह्मण असलेल्याला हेच नाव दिले आहे. एवढा दीर्घ आणि मानापमानांनी भरलेला इतिहास या शब्दाला असल्यामुळे तो खान्देशी ‘भो’ला चिकटवून देण्याचा मोह होतो.

हे जुळविण्यात अडचणी आहेत. पहिली ध्वनीची नव्हे, वाटेची आहे: संस्कृत ‘भोः’ मराठीत टिकला तो पूजा, अभिवादन आणि नाटकातले भारदस्त संवाद यांत, म्हणजे पढीक भाषेत, उलट खान्देशातला ‘भो’ शेतशिवारातून, बाजारातून आणि एस.टी.च्या थांब्यावरून शहराकडे आलेला आहे. दुसरी अडचण अधिक निर्णायक आहे. खान्देशात आणि त्याला लागून असलेल्या वऱ्हाडात रामभाऊ, शामभाऊ अशी नावे बोलताना ‘रामभौ’, ‘रामभो’ अशी होतात, आणि येथे ‘भौ’ किंवा ‘भो’ हा ‘भाऊ’चाच झिजलेला अवतार आहे याविषयी वाद होऊ शकत नाही. वऱ्हाडात मोकळ्या संबोधनातही ‘काय भौ’ असेच म्हणतात. भाऊ, भौ आणि भो या तिन्ही पायऱ्या अशा शेजारी शेजारी जिवंत असताना अडीच हजार वर्षांमागे जाण्याचे कारण उरत नाही.

ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीनेही हा प्रवास सरळ आहे. संस्कृत ‘भ्रातृ’चे प्राकृतात ‘भाउ’सारखे रूप झाले आणि त्यातून मराठी ‘भाऊ’ आला. हिंदी आणि गुजराती ‘भाई’ही त्याच मुळाचा, फक्त त्याचा शेवटचा स्वर वेगळ्या दिशेने गेला. ‘भाऊ’मध्ये आ आणि ऊ असे दोन स्वर लागोपाठ येतात, आणि शब्द घाईने किंवा वाक्याच्या टोकाला आघाताविना उच्चारला की ते एकमेकांत मिसळून ‘औ’ आणि पुढे ‘ओ’ होतो. ही प्रवृत्ती या भाषेच्या रक्तातली आहे: संस्कृत ‘गौर’चा ‘गोरा’ झाला, ‘मौक्तिक’चा ‘मोती’ झाला, आणि ‘लवण’मधल्या ‘अव’चा ‘ओ’ होऊन ‘लोणचे’ बरणीत गेले. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी काही नवीन केलेले नाही. प्राकृत बोलणाऱ्यांनी जे केले तेच ते अजून करीत आहेत.

धुळ्यात बसून या विषयावर लिहिताना इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांची आठवण टाळता येत नाही. आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्यात होते, 31 डिसेंबर 1926 रोजी तेथेच त्यांचे निधन झाले, आणि लगेच 1927 मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. त्यांचा मराठी धातुकोश पुढे याच मंडळाने प्रसिद्ध केला. राजवाडे यांची व्युत्पत्तीची पद्धत धाडसी होती. गावांची, आडनावांची आणि अगदी क्षुद्र वाटणाऱ्या बोलीरूपांची मुळे ते थेट संस्कृतात, प्रसंगी वैदिक भाषेत शोधीत, आणि त्यांचे पुष्कळ निष्कर्ष आज भाषाशास्त्रज्ञ मान्य करीत नाहीत. पण अडाण्याच्या तोंडचा शब्द हा ताम्रपटाइतकाच पुरावा आहे, ही त्यांची दृष्टी त्या काळात दुर्मीळ होती आणि आजही फारशी सुलभ झालेली नाही. ‘भो’ला संस्कृत कुळी जोडण्याची हौस राजवाड्यांच्या पद्धतीतली चूक उचलते आणि तिच्यातला गुण सोडून देते, असे म्हणावे लागते, कारण शब्द प्रतिष्ठित ठरविण्यासाठी त्याला ऋषींचे गोत्र लावावे लागावे, यात बोलणाऱ्या माणसाविषयीची लाज लपलेली असते. ‘भाऊ’ हे मूळ काही कमी प्रतीचे नाही.

अर्थाच्या बाजूने पाहिले तर ‘भाऊ’ आणि ‘भो’ यांच्यात एक गमतीची फाळणी झालेली दिसते, आणि या शब्दाचे खरे मर्म तिच्यात आहे. खान्देशात ‘भाऊ’ हे मोठेपणाचे नाव आहे. एकनाथ खडसे हे ‘नाथाभाऊ’ म्हणून ओळखले जातात, आणि ठिबक सिंचनाचा उद्योग उभारणारे भवरलाल जैन हे जळगावकरांचे ‘मोठे भाऊ’ होते. वाढदिवसाच्या फलकांवर, वर्गणीच्या पावत्यांवर आणि निवडणुकीच्या गाण्यांतून जो शब्द येतो तो ‘भाऊ’; त्यात वय, पत आणि उपकार करण्याची क्षमता गृहीत असते. फलकावर कोणी ‘नाथाभो’ छापणार नाही. ‘भो’ फक्त बरोबरीच्या माणसाला म्हणतात. तो वर्गमित्राला, एकाच पाळीतल्या कामगाराला, शेजारच्या गाळ्यातल्या दुकानदाराला आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी समवयस्कालाही चालतो. वडिलांना, शिक्षकांना किंवा सासऱ्याला तो म्हटला तर उर्मटपणा ठरतो. ऊकार गळाला तेव्हा त्याच्याबरोबर वडीलपणाही गळाला. थोरला आणि धाकटा हा भेद ज्याच्यात उरलेला नाही असा भाऊ म्हणजे ‘भो’ होय, आणि ज्या ‘भोः’शी त्याचे नाते जोडले जाते तो शब्द अभिवादनाच्या उतरंडीत जखडलेला होता हे लक्षात घेतले, म्हणजे ती जुळवाजुळव अर्थाच्या दृष्टीनेही किती उलटी आहे हे कळते.

भावाच्या नात्यावरून आलेल्या इतर संबोधनांचे नशीब पाहिले तर ‘भो’चे निरुपद्रवीपण अधिकच उठून दिसते. ‘दादा’ हा थोरल्या भावासाठीचा मायेचा शब्द गिरणगावात दहशतीचा झाला आणि ‘दादागिरी’ हा शब्द मागे ठेवून गेला. ‘भाई’ हे गुजरातीतले नावापुढचे साधे आदरार्थी पद मुंबईत गुन्हेगारीच्या टोळ्यांनी बळकावले. खुद्द ‘भाऊ’पासून मराठीने ‘भाऊबीज’ घडविली तशी ‘भाऊबंदकी’ही घडविली, आणि बांधावरच्या कज्ज्यांच्या फायली पाहता दुसरा शब्द पहिल्यापेक्षा अधिक कामाचा ठरला असावा. ‘भो’पासून मात्र कोणी ‘भोगिरी’ काढलेली नाही. ज्याच्यात सत्ता नाही त्या शब्दाची गुंडगिरीही होत नाही. नागपुरी ‘बे’ची तुलना येथे उपयोगाची आहे, ‘अबे’पासून आलेल्या त्या शब्दात सलगीबरोबर एक धक्का असतो, आणि अनोळखी माणसाला तो लागतो. ‘भो’ने कोणाला धक्का बसत नाही.

या बरोबरीला एक मर्यादा आहे आणि ती सांगितली पाहिजे. ‘भो’चे जग मुख्यतः मुलग्यांचे आहे. ‘बहीण’ किंवा ‘ताई’ या शब्दांतून तितका आखूड, तितका मोकळा आणि अनोळखी समवयस्क मुलीलाही चालेल असा शब्द खान्देशी बोलींनी घडविलेला नाही. मुलींच्या वाट्याला ‘अगं’, ‘बाई’ आणि आश्चर्याचा ‘माय’ एवढेच येते. टपरी, पार, क्रिकेटचे मैदान आणि हिवाळ्यात शेतावर काट्या-तुराट्या पेटवून वांगी भाजली जातात ती भरीत-पार्टी, या ज्या जागांवर ‘भो’ घासून गुळगुळीत झाला, त्या जागांवर मुलींना फारसा वावर नव्हता, हे त्याचे साधे कारण असावे. शब्द कोठे बसून झिजला यावर तो कोणाच्या तोंडी येणार हे ठरते.

खान्देशाबाहेर पडला की हा शब्द ओळखपत्राचे काम करतो. स्पर्धा परीक्षांसाठी पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांत राहणारी मुले, पिंपरी-चिंचवडच्या आणि नाशिकच्या कारखान्यांत नोकरी धरलेले तरुण, आणि सुरतेच्या उधना-लिंबायत भागांत स्थिरावलेली कुटुंबे यांच्यात एखादा ‘भो’ निसटला की ‘कोणतं गाव?’ हा प्रश्न ताबडतोब येतो. या ओळखीबरोबर थट्टाही येते, आणि तिच्यामुळे पहिल्या वर्षी कित्येक मुले तो शब्द गिळतात. भालचंद्र नेमाडे यांच्या 1963 सालच्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर खान्देशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला जातो, त्या कादंबरीच्या भाषेने मराठी तरुणांच्या पिढ्यांना ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ यांची सवय लावली, म्हणजे पुण्याची टवाळ बोली घडविण्यातही एका खान्देशी लेखकाचा वाटा आहे, हे थट्टा करणाऱ्यांच्या गावी नसते. अलीकडे ‘हाई झुमका वाली पोर’सारखी अहिराणी गाणी खान्देशाबाहेरच्या वरातींतही वाजू लागल्यापासून ही लाज पुष्कळ ओसरली आहे.

आता ‘भो’च्या शेजारी ‘ब्रो’ येऊन बसला आहे, आणि महाविद्यालयीन मुले दोन्ही सारख्याच सहजतेने वापरतात. येथे भाषेने एक वर्तुळ पुरे केले आहे. संस्कृत ‘भ्रातृ’, फारसी ‘बिरादर’ आणि इंग्रजी ‘ब्रदर’ हे एकाच आदिम शब्दाचे वंशज आहेत, हे तुलनात्मक भाषाशास्त्राने सिद्ध केलेले सर्वांत परिचित नाते. संस्कृतातील शब्दारंभीचा ‘भ’ इंग्रजीत ‘ब’ म्हणून भेटतो हा त्यातला नियम. इंग्रजी बोलणाऱ्यांनी ‘ब्रदर’ची शेपटी कापून ‘ब्रो’ केला आणि खान्देशाने ‘भाऊ’चे दोन स्वर वितळवून ‘भो’ केला, आणि दोघांनीही ते बरोबरीच्या मित्रासाठी केले. ‘हाव ब्रो’ आणि ‘हाव भो’ यांत निवड करणाऱ्या मुलाला आपण एकाच घरातल्या दोन भावांपैकी एकाला बोलावतो आहोत याची कल्पना नसते, आणि असण्याची गरजही नाही.

या शब्दाच्या नोंदी करण्याचे काम मात्र पुष्कळ उरले आहे, आणि ते पुण्यामुंबईत बसून होण्यासारखे नाही. कोणत्या गावात ‘भाऊ’, कोणत्या गावात ‘भौ’ आणि कोणत्या गावात ‘भो’ म्हणतात, आजोबांच्या पिढीत तो कोणाला म्हणत आणि नातवाच्या पिढीत कोणाला म्हणतात, तापीच्या उत्तरेला आणि दक्षिणेला त्याच्या सुरात काय फरक पडतो, आणि मुली तो वापरू लागल्या असतील तर कोठे आणि केव्हापासून, हे त्या त्या गावातला माणूसच ऐकून सांगू शकतो. ज्या वाचकांच्या घरात, गल्लीत किंवा मळ्यात हा शब्द रोज कानावर पडतो, त्यांनी गावाचे नाव, बोलणाऱ्याचे वय आणि ऐकलेले पूर्ण वाक्य, ऱ्हस्व-दीर्घ न सुधारता, एखाद्या वहीत टिपून ठेवावे.